गावातली ख्रिस्ती मंडळी : तिचे काम आणि तिचा कारभार

"राम राम मंडळी!" अशी सुरुवात करून आम्ही विस्तार अधिकारी गावोगाव सभा घेतो. मंडळी म्हणजे जमलेली माणसे, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. वीसेक वर्षांपूर्वी माझी बदली नेवासे तालुक्यात झाली. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. तेथील एका गावी बाजरीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवावयास गेलो होतो. ऊन फार, म्हणून सगळेजण वस्तीतल्या लहानशा चर्चच्या ओट्यावर सावलीला बसलो. दगडी भिंती, पत्र्याचे छप्पर, दाराशी टांगलेली घंटा. मी सहज एका म्हाताऱ्या बाबांना विचारले, "बाबा, हे चर्च केव्हाचे?"

"देऊळ म्हणता व्हय? ते माझ्या बापाच्या वेळचं. पण मंडळी त्याच्याही आधीची हाय, साहेब."

बाबा आपल्या घरच्या माणसांविषयी बोलत आहेत असे वाटून मी विचारले, "घरी किती मंडळी?" सगळे जण हसू लागले. तेव्हा जवळच बसलेल्या शाळेच्या मास्तरांनी मला समजावून दिले. मराठी ख्रिस्ती माणूस इमारतीला देऊळ म्हणतो. त्या देवळात जमणारी, एकमेकांशी बांधलेली जी माणसे, तिला तो मंडळी म्हणतो. इंग्रजीत दोहोंना चर्च असा एकच शब्द आहे, म्हणून घोटाळा होतो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या गावात अशी मंडळी असेल. रविवारी सकाळी घंटा ऐकू येते, पेटी आणि ढोलकी ऐकू येते. पण आत काय चालते, कारभार कोण पाहतो, पैसा कोठून येतो, हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. ठाऊक नसले की माणसे तर्क करतात. मी स्वतः वारकरी घरातला. पण त्या गावची मंडळी एकदा मोडता मोडता राहिली ते मी जवळून पाहिले, आणि तेव्हापासून या विषयाची माहिती मिळवीत गेलो. ती हकिगत पुढे सांगणारच आहे. आधी ही व्यवस्था काय आहे ते पाहू.

मूळ शब्द ग्रामसभेचा

बायबलाचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत आहे. मंडळीसाठी त्यात 'एक्लेसिया' असा शब्द येतो. ग्रीक नगरांत नागरिकांची सभा भरे, तिलाही हेच नाव होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ग्रामसभा. पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांना इमारती नव्हत्याच. कोणाच्या तरी घरी जमायचे, प्रार्थना करायची, एकत्र जेवायचे. मोठी देवळे नंतर आली.

कारभारी मंडळ कसे सुरू झाले याचीही गोष्ट नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. ती वाचून मला आपल्या रेशन दुकानाची आठवण झाली. यरुशलेमच्या मंडळीत गरीब विधवांना रोज अन्न वाटले जाई. ग्रीक भाषा बोलणाऱ्या लोकांनी तक्रार केली की वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, तक्रार दाबली नाही. सर्वांना एकत्र बोलावून त्यांनी सांगितले, तुमच्यातलीच चांगल्या नावाची सात माणसे तुम्ही निवडा. लोकांनी सात जण निवडले आणि वाटपाचे काम त्यांच्याकडे गेले. ख्रिस्ती मंडळीतील 'सेवक' किंवा 'डीकन' या जागेचे मूळ या गोष्टीत पाहतात. कमिटी निघाली ती अशी, वाटपाच्या तक्रारीतून. आपल्याकडे कमिटी आधी निघते आणि तक्रारी मागून येतात, तो भाग वेगळा.

मंडळीचे काम काय?

पहिले काम उपासना. रविवारी सर्वांनी जमावे, भजने म्हणावीत, बायबलाचे वाचन व्हावे, पाळकाने त्यावर बोलावे, आणि प्रार्थनेत गावातल्या आजाऱ्यांची, पावसापाण्याची आठवण करावी. नेमलेल्या रविवारी प्रभुभोजन असते. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा लहान तुकडा आणि द्राक्षरस सर्वजण घेतात. मंडळीत येण्याची खूण म्हणजे बाप्तिस्मा, पाण्याचा संस्कार.

नगरकडच्या उपासनेला आपल्या मातीचा वास आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती भजनाला अभंगाचे वळण दिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका, यांना तर आपल्या घराघरांतल्या वाचणाऱ्या बायका ओळखतात. या टिळकांनाच पुढे मंडळीची चौकट अपुरी वाटू लागली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. येशूवर प्रेम करणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तेथे चालत असे. दोन वर्षांनी ते वारले. त्यांचा प्रश्न मात्र प्रत्येक मंडळीला अधूनमधून पडतोच : दार किती उघडे ठेवायचे आणि वही कोठे बंद करायची?

दुसरे काम शिकवण्याचे. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला काम करू लागले. 'ज्ञानोदय' हे त्यांचे पत्र नगरलाच १८४२ साली निघाले. सिंथिया फॅरार यांची नगरची मुलींची शाळा महात्मा फुले यांनी पाहिली आणि त्यानंतर पुण्यात आपली शाळा काढली, हे सर्वांना माहीत आहे. खेड्यांत तर शाळा आणि देऊळ पुष्कळदा एकाच खोलीत असे. सोमवारी जो मास्तर पाढे घेई तोच रविवारी उपदेश करी. ज्यांना गावच्या शाळेत ओट्यावरही बसू देत नसत, त्या महार-मांग वस्तीतल्या मुलांना पहिली पाटी याच खोलीत मिळाली. या भागातल्या खेड्यांतील मंडळ्या मुख्यतः याच वस्त्यांतून उभ्या राहिल्या. शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारची मुलांची शाळा, आजही चालते.

तिसरे काम एकमेकांची काळजी घेण्याचे. माझ्या मते मंडळीचा खरा कस येथे लागतो. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाचा मुलगा दारूला लागला आहे, कोणाची म्हातारी एकटी आहे, हे त्यांना रविवारी कळते आणि सोमवारी कोणीतरी जाऊन येते. प्रेताला खांदा देण्यापासून लग्नाच्या पंक्ती वाढण्यापर्यंत कामे वाटलेली असतात. चौथे काम गावाच्या सेवेचे. कॅथलिक पंथाचे फादर हर्मन बाखर यांनी याच जिल्ह्यात पाणलोटाचे केवढे काम उभे केले आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापण्यात भाग घेतला, हे शेती खात्यातल्या माणसाला सांगावयास नको. सगळ्या मंडळ्या एवढे करीत नाहीत, हेही खरे.

कारभाराची रचना

आता रचना. ज्या मंडळीविषयी मी लिहितो आहे ती पूर्वी अमेरिकन मिशनची. त्या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असे. ती आपला पाळक आपण निवडी आणि आपले निर्णय आपल्या सभेत घेई. वर बिशप नसे. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना नगरला पाळक म्हणून दीक्षा मिळाली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या त्या संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीस आले होते. त्यांचा आग्रह असा की मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि आपला प्रसार आपणच करावा. परदेशी माणसाने हे जमेल तितक्या लवकर सोडून पुढच्या गावाला जावे. बोलणे सोपे होते. प्रत्यक्षात पाळकाचा पगार पुष्कळ वर्षे मिशनकडून येत राहिला.

पुढे १९२४ साली ही मंडळी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर हिंदुस्थानी मंडळी, स्थापन झाली. त्यात सामील झाल्यावर बिशप आले. आता उतरंड अशी : गावची मंडळी, तशा एक किंवा अनेक मंडळ्या मिळून एक पास्टोरेट, अनेक पास्टोरेट मिळून बिशपांचा धर्मप्रांत, आणि सर्वांच्या वर सिनड नावाची सभा. आपल्या विविध कार्यकारी सोसायटीच्या वर जिल्हा बँक आणि तिच्या वर राज्य बँक असते, साधारण तसे समजावे. कॅथलिक पंथात फादरांची नेमणूक बिशप करतात आणि सर्वांच्या वर रोमचे पोप असतात. काही नव्या मंडळ्या कोणाशीच जोडलेल्या नसतात. सर्वांना एक माप लावू नये.

गावपातळीवर पाया म्हणजे सभासदांची वही. बाप्तिस्मा झालेल्यांची नावे तीत असतात आणि प्रभुभोजन घेणारे पूर्ण सभासद वेगळे नोंदलेले असतात. वहीत नाव लावणे दिसते तितके सोपे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीची सवलत ख्रिस्ती झालेल्यास मिळत नाही. नोकरीच्या वयातल्या मुलांच्या घरात यावरून बोलणी होतात, ती मी ऐकली आहेत.

सभासदांची वार्षिक सभा कमिटी निवडते. पाळक अध्यक्ष, मग चिटणीस, खजिनदार आणि बाकीचे सभासद. कोठे 'वडील' असतात. ते वयाने नव्हे, मानाने वडील. महिला मंडळ आणि तरुण संघ निराळे. पाळक उपासना चालवतो, संस्कार करतो, घरोघरी भेटी देतो. मालमत्ता, दुरुस्ती आणि पैसा पाहावयाचा तो कमिटीने. पैसा येतो रविवारच्या दानातून, मिळकतीचा दहावा भाग देणाऱ्यांच्या दशमांशातून आणि सुगीच्या सणातून. या गावच्या बायका आणखी एक करतात. स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकतात आणि महिनाअखेर डबा देवळात आणतात.

पायलीचा हिशेब

मध्यंतरी माझी बदली झाली होती. २०१२ साली मी पुन्हा त्याच तालुक्यात आलो. तो दुष्काळ आपणास आठवत असेलच. विहिरी आटल्या, जनावरे छावणीत गेली. त्याही साली मंडळीने सुगीचा सण केला. या सणात प्रत्येक घर आपल्या पिकातले पहिले काहीतरी आणते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका विधवा आजींनी पायलीभर बाजरी आणली होती. तिच्या शेतात किती पिकले होते ते मला ठाऊक होते, कारण पंचनाम्याला मीच गेलो होतो.

२०१३ च्या मार्चमध्ये वार्षिक सभा झाली. खजिनदार गावातले वजनदार गृहस्थ. दूध संकलनातही त्यांचाच शब्द चाले. दोन वर्षे हिशेब वाचला गेला नव्हता. कोणी विचारले की ते म्हणत, "हिशेब माझ्या डोक्यात आहे." या सभेत आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माजी पायली कुठं गेली तेवढं सांगा, मंग मी खाली बसते."

खजिनदार तडकले. "म्हंजे मी चोर?" असे म्हणून उठून गेले. त्यांचे भाऊबंद त्यांच्या मागे गेले. मंडळीत अडतीस घरे. पुढचे चार महिने त्यातली निम्मी देवळाकडे फिरकली नाहीत. घंटा वाजे आणि दहा-बारा माणसे येत. दान आटले. धर्मप्रांताकडे पाठवावयाचा वाटा थकला. त्या वाट्यावर पाळकाचा पगार अवलंबून, आणि पाळकसाहेबांकडे अशी पाच गावे. असेच चालले तर या गावची मंडळी शेजारच्या मंडळीला जोडावी आणि देवळाला कुलूप लावावे, अशी भाषा निघाली. बाबा (ज्यांनी मला मंडळीचा अर्थ सांगितला ते) तोवर अंथरुणाला खिळले होते. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. पण रविवारी भजनाचा आवाज कमी का येतो, हे ते विचारीत.

पाळकसाहेबांनी कोणालाही दोष दिला नाही. एका रविवारी त्यांनी वर सांगितलेला सात माणसांचा अध्याय वाचला आणि एवढेच विचारले की तक्रार करणाऱ्या विधवांना प्रेषितांनी गप्प बसवले होते काय? मग ते दोन्ही बाजूंच्या घरी गेले आणि सुचवले की हिशेब बाहेरच्या माणसाने पाहावा. बाहेरचा म्हणून माझे नाव निघाले. मी म्हणालो, "पाळकसाहेब, हे माझे काम नाही, आणि मी तुमच्यातलाही नाही." ते म्हणाले, "म्हणूनच."

खजिनदारांनी एका पिशवीत कोंबलेल्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ओतल्या. दोन संध्याकाळी मास्तर आणि मी त्या तारीखवार लावल्या. पत्र्याचे बिल, विजेचे बिल, पेटीची दुरुस्ती, पाळकाच्या पेट्रोलचे पैसे. दोन वर्षांची जमा शेहेचाळीस हजारांच्या आसपास होती आणि शेवटी दोन हजार सातशे रुपयांची तूट राहिली. खजिनदार पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, दोन हजार एका ऊसतोड कामगाराच्या बायकोला दवाखान्यात न्यायला दिले, रात्रीची वेळ होती, कोणाला विचारणार? त्या घराने ते मान्य केले. उरलेल्या सातशे रुपयांचा मेळ आजवर लागलेला नाही.

माणूस चोर नव्हता, असे माझे मत झाले. पण सार्वजनिक पैसा डोक्यात ठेवावयाचा नसतो. दूध सोसायटी असो, सप्ताहाची वर्गणी असो की चर्चची दानपेटी, मला तरी यात फरक दिसत नाही. चार महिने आधी ती पिशवी सभेत ओतली असती तर एवढे झालेच नसते.

त्या चिठ्ठ्यांत लिलावाचा कागदही निघाला. 'बाजरी, पायली १, रुपये ११०.' देणाऱ्याचे नाव नव्हते. खास सभेत मास्तरांनी तो कागद मोठ्याने वाचला. आजींनी पुन्हा एकदा वाचावयास लावला आणि मग खाली बसल्या.

खजिनदारांनी सातशे रुपये स्वतःच्या खिशातून भरले आणि पद सोडले. सभेने ठराव केले : पावतीपुस्तक ठेवावे, बँकेतून पैसे काढण्यास दोन सह्या असाव्यात, महिन्याचा हिशेब दाराच्या आतल्या बाजूस लावावा, आणि कमिटीत दोन बायका असाव्यात. त्यातल्या एक आजी. त्यांना लिहिता येत नसे. त्यांची नात शेजारी बसून वाचून दाखवी. सगळी घरे मात्र परतली नाहीत. तीन घरांनी आपली वेगळी प्रार्थना सुरू केली, ती अजून वेगळीच आहे. एका पंक्तीला बसतात, एका देवळात बसत नाहीत.

गेल्या सुगीच्या सणाला त्यांनी मला बोलावले होते. बाबा आणि आजी दोघेही आता नाहीत. आजींची नात शब्बाथ शाळा घेते. पाळक बदलले. नवे पाळक महिन्यातले दोनच रविवार येऊ शकतात, बाकीचे दोन मास्तर आणि ती मुलगी मिळून चालवतात. घंटा अजून माजी खजिनदारच वाजवतात. लिलावात कांदे, ज्वारी, एक कोंबडा, अंडी आणि शाळकरी पोराने आणलेला एक डांगर भोपळा होता. भोपळा मी एकशे ऐंशीला घेतला आणि तेथल्या रिवाजाप्रमाणे पुन्हा लिलावाला ठेवला. दुसऱ्या वेळी तो दोनशे दहाला गेला. निघताना दाराआडचा कागद पाहिला. शाई अजून ओली होती. 'भोपळा १, दोनदा, रुपये ३९०.' पुढे त्या पोराचे नाव लिहिलेले होते.